संडासातून रक्त आणि वयाचा हिशेब



विहारात आरोग्याची बैठक संपते, लोक चपला घालू लागतात आणि मग एखादा दादा हळूच बाजूला घेऊन विचारतो, "मूळव्याध आहे, अधूनमधून रक्त जातं. पण माझं वय काय हो, चाळीसच. काही वाईट नसणार ना?" त्याच दिवशी एखादी ताई विचारते, "आईचं वय सत्तर. दुर्बीण टाकली तर आतड्यात दोन पॉलिप निघाले. आता कॅन्सर झाला असंच समजायचं का?" घाटकोपर असो, मुलुंड असो, अंधेरी-बोरिवली असो, हे दोन प्रश्न आम्हाला सगळीकडे भेटतात. दोघेही वयावरून अंदाज बांधतात आणि दोघांचाही अंदाज चुकण्याची शक्यता मोठी असते. चाळिशीचा दादा उगाच निर्धास्त आहे आणि सत्तरीच्या आईची मुलगी उगाच घाबरलेली आहे. म्हणून वयाचा आणि आतड्यातल्या या गाठींचा संबंध नेमका काय, ते या अंकात सांगतो.

आधी पॉलिप म्हणजे काय ते पाहू. आपले मोठे आतडे साधारण दीड मीटर लांब असते. त्याचा शेवटचा भाग म्हणजे गुदाशय. आतड्याला आतून ओलसर गुलाबी अस्तर असते, आपल्या गालाच्या आतल्या बाजूसारखे. त्या अस्तरावर उगवलेला मांसाचा फुगवटा म्हणजे पॉलिप. तो तिळाएवढा असतो, वाटाण्याएवढा असतो, कधी द्राक्षाएवढाही होतो. काहींना अळंबीसारखा देठ असतो, काही अस्तराला चपटे चिकटलेले असतात. मूळव्याध ही वेगळी गोष्ट. तिथे गुदद्वाराजवळच्या रक्तवाहिन्या फुगून बाहेर येतात. आपण दोन्हींना "कोंब" किंवा "मोड" म्हणतो आणि गोंधळाला तिथूनच सुरुवात होते. मूळव्याधीचा कोंब कॅन्सर होत नाही. पॉलिपचे मात्र प्रकार असतात. काही जन्मभर निरुपद्रवी राहतात. एका प्रकाराला डॉक्टर ॲडिनोमा म्हणतात आणि मोठ्या आतड्याचे बहुतेक कॅन्सर अशा पॉलिपपासून सुरू होतात. पण बहुतेक ॲडिनोमा कॅन्सरपर्यंत पोचतच नाहीत. जे पोचतात त्यांनाही साधारण दहा वर्षे किंवा त्याहून जास्त काळ लागतो. एक सेंटिमीटरपेक्षा मोठ्या पॉलिपचा धोका जास्त, बारीक पॉलिपचा फार कमी.

आता वय. आतड्याच्या अस्तरातल्या पेशी चार-पाच दिवसांत झडतात आणि त्यांच्या जागी नव्या येतात. हे जन्मभर चालू असते. नवी पेशी जुनीची नक्कल करून तयार होते. जातीच्या दाखल्याची झेरॉक्स, त्या झेरॉक्सची पुन्हा झेरॉक्स, असे करत गेलो तर विसाव्या प्रतीवर कुठे अक्षर पुसट होते, कुठे काळा ठिपका पडतो. पेशींचेही तसेच. साठ वर्षे नकला काढताना चुका साठत जातात. एखादी चूक अशी निघते की पेशीला वाढ कुठे थांबवायची तेच कळत नाही. मग तिथे फुगवटा उभा राहतो. तंबाखू ओढणे, दारू, पोटाचा घेर वाढणे, दिवसभर बसून राहणे यांनी हे काम लवकर होते. पण काहीही व्यसन नसलेल्या, विहारात नियमित येणाऱ्या आजीलाही पॉलिप निघू शकतो, कारण नकला तिच्याही आतड्यात तितक्याच निघालेल्या असतात.

म्हणूनच वयाबरोबर पॉलिप सापडण्याचे प्रमाण चढत जाते. पाश्चात्त्य देशांत पन्नाशीनंतर काहीही तक्रार नसताना कोलोनोस्कोपी केलेल्या लोकांत साधारण चारांपैकी एकाला तरी ॲडिनोमा सापडतो. पुढच्या दशकांत हे प्रमाण आणखी वाढते आणि बाईपेक्षा पुरुषात ते जास्त असते. आपल्या देशात हे प्रमाण त्यांच्यापेक्षा कमी आहे, पण वयाबरोबर वाढण्याची रीत तीच. आणखी एक गोष्ट वयाबरोबर बदलते, ती फारशी कुणी सांगत नाही. म्हातारपणी पॉलिप आतड्याच्या उजव्या बाजूला, म्हणजे गुदद्वारापासून लांब, निघण्याचे प्रमाण वाढते. तिथले रक्त शौचात मिसळून जाते, डोळ्यांना दिसत नाही. माणसाला नुसता थकवा येतो, जिना चढताना धाप लागते.

तर सत्तरीच्या आईला दोन पॉलिप निघाले, याचा अर्थ तिला कॅन्सर झाला असा होत नाही. ते त्याच तपासणीत काढून टाकले असतील आणि तपासात साधे निघाले असतील, तर कॅन्सरकडे जाणारी एक वाट बंद झाली. अमेरिकेत पॉलिप काढलेल्या चौदाशेवर रुग्णांवर कित्येक वर्षे लक्ष ठेवले गेले. त्याचा निष्कर्ष १९९३ साली प्रसिद्ध झाला. अशा लोकांत एरवी जितके कॅन्सर व्हायला हवे होते, त्याच्या पाव भागाहूनही कमी झाले. त्याच देशाचे राष्ट्राध्यक्ष रोनाल्ड रेगन यांच्या आतड्यात १९८५ साली कोलोनोस्कोपीत मोठा पॉलिप सापडला. त्यात कॅन्सर सुरू झालेला होता. वय ७४. ऑपरेशन करून तो भाग काढला आणि ते २००४ पर्यंत जगले. त्यांच्या राजकारणाशी आपले काही देणेघेणे नाही. पण चौऱ्याहत्तराव्या वर्षी "आता या वयात कशाला" असे त्यांना कुणी म्हटले नाही, एवढे ध्यानात घ्यावे. आपल्या घरातल्या म्हाताऱ्यांना हे वाक्य आपण फार सहज ऐकवतो.

ही झाली एक बाजू. दुसरी बाजू मुंबईची आहे आणि ती जास्त काळजीची आहे.

परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात २०१३ ते २०१४ या एका वर्षात मोठ्या आतड्याच्या आणि गुदाशयाच्या कॅन्सरचे ८०० नवे रुग्ण आले. तिथल्या डॉक्टरांनी त्यांचा आढावा छापला. सरासरी वय निघाले ४७ च्या आसपास. पाश्चात्त्य देशांत हा आजार साठी-सत्तरीत जास्त दिसतो. आपल्याकडे निम्मे रुग्ण घर चालवण्याच्या वयातले, रिक्षा चालवणारे, कंपनीत जाणारे, मुलांची बारावी व्हायची राहिलेली. निम्म्याहून अधिक जणांची तक्रार एकच होती, संडासातून रक्त. आणि रुग्णालयात पोचेपर्यंत सरासरी चार महिने गेलेले होते.

हा आकडा वाचताना एक खबरदारी घ्या. याचा अर्थ तरुणाला म्हाताऱ्यापेक्षा धोका जास्त आहे असा नाही. आपल्या देशात तरुण माणसे संख्येने जास्त आहेत, त्यामुळे रुग्णांतही ती जास्त दिसतात. शिवाय आमचे असे मत आहे की वस्तीतली सत्तरीची कितीतरी माणसे टाटापर्यंत पोचतच नाहीत. घरीच अशक्तपणा येतो, घरीच संपतात आणि वय झाले होते म्हणून विषय मिटतो. पण तुमच्या-आमच्यासाठी त्या आकड्यातून निघणारी गोष्ट स्पष्ट आहे. चाळिशीत, पस्तिशीत, तिशीतही हा आजार होतो. "ब्लॅक पँथर" सिनेमातला नट चॅडविक बोसमन २०२० साली मोठ्या आतड्याच्या कॅन्सरने गेला तेव्हा त्रेचाळीस वर्षांचा होता. निदान २०१६ सालीच झाले होते, तेही तिसऱ्या टप्प्यावर. अमेरिकेतल्या काळ्या लोकांत हा कॅन्सर गोऱ्यांपेक्षा जास्त होतो आणि त्याने मरणारेही जास्त. त्यामागे कोणाला दवाखाना वेळेवर मिळतो आणि कोणाला नाही, हा हिशेब मोठा आहे. आपल्या वाचकांना तो वेगळा समजावून सांगायची गरज नाही.

म्हणून आम्ही दोन प्रश्न वेगळे ठेवायला सांगतो. काहीही त्रास नसताना तपासणी कोणी करावी, हा वयाचा प्रश्न आहे. त्रास असताना तपासणी कोणी करावी, याला वय नाही. रक्त दिसले की दाखवायचे.

लहान मुलांतही. दोन ते दहा वर्षांच्या मुलाला शी करताना काही दुखत नाही, पण वर ताजे रक्त दिसते, तेव्हा बऱ्याचदा गुदाशयात एकच देठाचा पॉलिप असतो. तो कॅन्सरचा नसतो, दुर्बिणीतून काढता येतो. मुलाला "गरम पडलं" म्हणून सब्जा पाजत बसू नये. काही घराण्यांत मात्र तरुणपणीच आतड्यात शेकडो पॉलिप उगवतात. ते आजार आनुवंशिक असतात आणि उपचार न केल्यास चाळिशीच्या आतच कॅन्सर होतो. घरात एकाला निघाले तर भावंडांची आणि मुलांची तपासणी डॉक्टरांना विचारून लवकर सुरू करावी लागते.

मोठ्या माणसांच्या बाबतीत अडचण अशी की रक्त दिसले की माणूस आधी मेडिकलवाल्याकडे जातो, मलम आणतो. नाहीतर लोकलच्या डब्यात चिकटवलेल्या "मूळव्याध, भगंदर, बिना ऑपरेशन" अशा कागदावरचा फोन लावतो. तिथे सुई मारतात, पैसे घेतात, पण आत बघत कोणी नाही. मूळव्याध असेलही. ती इतकी सर्रास आढळते की असण्याचीच शक्यता जास्त. पण मूळव्याध असलेल्या माणसाला पॉलिप होत नाही, असे कुठे लिहिलेले नाही. दोन्ही एकत्र असू शकतात. निदान बोटाने तपासल्याशिवाय कोणाचेही मूळव्याधीचे औषध सुरू करू नका. डॉक्टर हातमोजा घालून गुदद्वारातून बोटाने तपासतात, एक मिनिट लागते. टाटाच्या त्या आढाव्यात सर्वांत जास्त रुग्ण गुदाशयाच्या कॅन्सरचे होते आणि गुदाशयाचा खालचा भाग बोटाला लागतो. बायकांनी लेडी डॉक्टर मागावी, नसेल तर नर्सला शेजारी उभे राहायला सांगावे. तो तुमचा हक्क आहे. लाज वाटते हे आम्हाला माहीत आहे. नर्सिंगच्या नोकरीत आम्ही शेकडो माणसांना त्या टेबलावर कुशीवर झोपवले आहे. आत काम करणाऱ्यांना त्यात काही नवल नसते.

आणखी एक अडचण आपल्या वस्तीचीच. सार्वजनिक संडासात बल्ब नसतो, असला तर फुटलेला, बाहेर लोक दार वाजवत असतात. शौच कशी झाली हे पाहणार कधी? ज्याच्या घरात पांढरे कमोड आहे त्याला रक्ताचा थेंब लगेच दिसतो, आपल्याला महिने कळत नाही. आठवड्यातून एकदा तरी पाणी टाकण्याआधी मोबाईलची बॅटरी लावून बघा. लाल रक्त, डांबरासारखी काळी शौच, शेंबडासारखा आव, पेन्सिलीसारखी बारीक शौच होऊ लागणे, सहा आठवड्यांहून जास्त चाललेली बद्धकोष्ठता किंवा जुलाब, जाऊन आल्यावरही पोट साफ झाले नाही असे वाटणे, कारण नसताना वजन उतरणे, यातले काही दिसले तर दाखवा. लोहाच्या गोळ्यांनीही शौच काळी होते. गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना आधीच सांगा.

बायकांचे हिमोग्लोबिन कमी निघाले की सगळे पाळीवर ढकलले जाते आणि लोहाच्या गोळ्या हातात पडतात. पाळी चालू आहे तोवर ते बऱ्याचदा बरोबरही असते. पण पाळी बंद झालेल्या बाईचे रक्त कमी होत असेल, किंवा पुरुषाचे, तर ते कुठून तरी जात आहे. त्यांनी गोळ्यांबरोबर आतड्याची तपासणी मागायचीच.

आता त्रास नसणाऱ्यांचे. तीस वर्षांवरच्या सर्वांची तोंड, स्तन आणि गर्भाशयाच्या तोंडाच्या कॅन्सरसाठी तपासणी व्हावी असा सरकारी कार्यक्रम आहे, आशाताई त्याचा फॉर्म भरतात. मोठे आतडे त्यात नाही. त्यामुळे याबाबत तुमच्या दारात कोणी येणार नाही, तुम्हालाच विचारावे लागेल. अमेरिकेत ही तपासणी पन्नाशीला सुरू करत, २०२१ पासून तिथल्या तज्ज्ञ समितीने पंचेचाळीसला सुरू करायला सांगितले, कारण तरुणांत प्रमाण वाढताना दिसले. आपल्याकडे प्रत्येकाने पंचेचाळीसला कोलोनोस्कोपी करावी असे आम्ही म्हणत नाही. तेवढी दुर्बिणी आणि तेवढे डॉक्टर सरकारी दवाखान्यांत नाहीत, आणि आजार गोऱ्या देशांपेक्षा कमी आहे. पण पंचेचाळीस-पन्नाशीपासून वर्षातून एकदा शौचातल्या लपलेल्या रक्ताची चाचणी होते का, हे डॉक्टरांना जरूर विचारा. छोट्या डबीत नमुना द्यायचा असतो. त्यात रक्त निघाले तर मात्र पुढे कोलोनोस्कोपी टाळायची नाही. आणि डोळ्यांना रक्त दिसत असेल तर ही चाचणी करत बसू नका, सरळ दुर्बिणीची तपासणी.

वय म्हणताना कागदावरचे वय धरू नका. आपल्यातल्या कितीतरी जणांचा जन्म शाळेच्या दाखल्यावर १ जूनला झालेला आहे. गुरुजींनी अंदाजाने टाकलेली ती तारीख दोन-चार वर्षांनी सहज चुकते. घरात विचारा. बहात्तरच्या दुष्काळात जन्मलेला माणूस आज पन्नाशी ओलांडून गेला आहे. जी आजी ५६ च्या दीक्षेच्या वेळी कडेवर होती तिची सत्तरी जवळ आली आहे किंवा उलटली आहे. आधारकार्ड काहीही म्हणो.

आई, वडील, सख्खे भाऊ-बहीण यांपैकी कोणाला मोठ्या आतड्याचा कॅन्सर झाला असेल तर हिशेब बदलतो. त्यांना ज्या वयात झाला त्यातून दहा वर्षे वजा करा, किंवा चाळीस, जे आधी येईल ते. वडिलांना ४६ व्या वर्षी झाला तर मुलाने ३६ व्या वर्षी डॉक्टरांसमोर बसावे.

खाण्याबद्दल बैठकीत हमखास विचारतात, आणि विचारण्याच्या सुरात थोडी अपराधी भावना असते, म्हणून सांगतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संस्थेने २०१५ साली सॉसेज, सलामीसारखे प्रक्रिया केलेले मांस कॅन्सर करणाऱ्यांत धरले आणि लाल मांस "बहुधा" या गटात. रोजच्या रोज भरपूर खाणाऱ्यांची ती गोष्ट आहे. रविवारच्या मटणावरून आपल्या ताटाकडे बोट दाखवणाऱ्यांनी आधी तंबाखू आणि दारूकडे बोट दाखवावे. ज्वारी-बाजरीची भाकरी, डाळ, पालेभाजी रोज ताटात असू द्या, वडापाव आणि फरसाणावर दिवस काढू नका.

कोलोनोस्कोपी कुठे होते? पालिकेच्या केईएम, नायर आणि सायन रुग्णालयांत पोटविकारांचे स्वतंत्र विभाग आहेत. घाटकोपरच्या राजावाडीत, कांदिवलीच्या शताब्दीत, विलेपार्ल्याच्या कूपरमध्ये किंवा जवळच्या आपला दवाखान्यात आधी दाखवा, तिथे तपासणी होत नसेल तर चिठ्ठी घ्या. तारीख लांबची मिळाली तर केसपेपरवर "रक्तस्राव" हा शब्द लिहिला आहे ना ते पाहा, नसेल तर लिहून घ्या. पुढे ऑपरेशन किंवा कॅन्सरचा उपचार लागला तर महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेत बसते का, हे रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारा. रेशनकार्ड जवळ ठेवा.

तपासणीपेक्षा तयारी अवघड, हे प्रामाणिकपणे सांगायला हवे. आतडे पूर्ण रिकामे लागते. नाहीतर पॉलिप घाणीआड लपतो आणि तपासणी पुन्हा करावी लागते. त्यासाठी पावडर दोन लिटर पाण्यात मिसळून थोडी थोडी प्यायची असते आणि मग दहा-बारा वेळा जावे लागते. शंभर घरांमागे एक संडास असलेल्या वस्तीत हे करायचे कसे, याचा विचार चिठ्ठी लिहिणारे डॉक्टर करत नाहीत. त्यासाठी आम्ही सुचवतो ते असे. घरात संडास असलेल्या नातेवाईकाकडे आदल्या दिवशी मुक्काम करा. तसे कोणी नसेल तर आदल्या दिवशी भरती करून घेता येईल का ते विचारा, विशेषतः म्हाताऱ्या माणसासाठी. पासष्टीच्या पुढच्या माणसाला रात्री एकटे संडासाला सोडू नका. पाणी कमी होऊन चक्कर येते आणि पडून खुबा मोडला तर ते दुखणे पॉलिपपेक्षा मोठे. साखरेच्या गोळ्या, इन्सुलिन, रक्त पातळ करण्याच्या गोळ्या चालू असतील तर तारीख घेतानाच सांगा, आपल्या मनाने बंद करू नका. लोहाच्या गोळ्या साधारण आठवडाभर आधी थांबवायला सांगतात. झोपेचे इंजेक्शन देतात, म्हणून घरी न्यायला कोणीतरी सोबत हवे आणि तो दिवस कामाचा खाडा धरावा.

तपासणीला साधारण अर्धा तास लागतो. पॉलिप दिसला तर बहुधा तेव्हाच तारेचा बारीक फास टाकून काढतात. कापताना दुखत नाही, अस्तराला त्या जातीची वेदना कळत नाही. आतड्याला भोक पडण्याचा धोका असतो, साधारण हजारात एखाद्याला. पॉलिप काढल्यावर दोन आठवड्यांपर्यंत कधीतरी रक्त जाऊ शकते. पोट फुगून जोरात दुखले, ताप आला किंवा भरपूर रक्त गेले तर सकाळची वाट न पाहता त्याच रुग्णालयात जा.

काढलेला पॉलिप तपासणीला जातो आणि त्याचा रिपोर्ट काही दिवसांनी मिळतो. तो आणायला बरेच जण जातच नाहीत, आणि खरी माहिती त्यातच असते. एक-दोन बारीक, साधे ॲडिनोमा निघाले तर पुढची कोलोनोस्कोपी सात ते दहा वर्षांनी चालते. एक सेंटिमीटरहून मोठा निघाला किंवा पाच-दहा निघाले तर तीन वर्षांनी. दहाहून जास्त निघाले तर वर्षाने. पंचाहत्तरीनंतर दरवेळी तपासायचे की नाही, हे त्या माणसाची तब्येत पाहून डॉक्टरांशी बोलून ठरवावे. पंच्याऐंशीनंतर तक्रार नसताना तपासणीच्या मागे लागू नये, तेव्हा तपासणीचा त्रासच जास्त होतो. रिपोर्टची मूळ प्रत प्लास्टिकच्या पिशवीत घालून, पावसाचे पाणी येत नाही अशा जागी, रेशनकार्डासोबत ठेवा, आणि मोबाईलमध्ये फोटो काढून मुलांनाही पाठवा. पुढची तारीख सात वर्षांनी येईल तेव्हा ती त्यांनाच आठवावी लागणार आहे.